मुलं आणि माळकरी आजी सोबत असताना नाशिकच्या वाइनरीत जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत पुण्याहून तीन-चार दिवसांसाठी नाशिकला येताय. सोबत नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. बाहेरगावी गेलात की तुम्ही दोघं तिथल्या ब्रुअरीत जाऊन ताजी बिअर चाखता, मुलं शेजारी चित्रं काढत बसतात, आजवर त्यात काही अडलं नाही. नाशिकमध्ये तसंच एखाद्या वाइनरीत जावं असं वाटतंय. पण मुलांना आत सोडतील का, नेणं बरं दिसेल का, आणि माळकरी सासूबाईंना काय सांगायचं, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्ष बागायतदाराच्या घरातली. अकरा वर्षं एका वाइनरीत पाहुण्यांना टूर देणं आणि टेस्टिंग घेणं, म्हणजे थोडी थोडी वाइन चाखायला देणं, हे माझं काम होतं. गेली सहा वर्षं मी बाहेरगावच्या कुटुंबांना बागा आणि वाइनऱ्या दाखवते. माझी दोन्ही मुलं याच काळात वाढली, त्यामुळे या प्रश्नाकडे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

आत सोडतील का, हे आधी उरकते. एकवीस वर्षांखालच्या कोणालाही वाइन देता येत नाही, यात कुठेही सूट नाही. मात्र बागेत, टूरवर आणि रेस्टॉरंटमध्ये मुलं सोबत असलेली बऱ्याच ठिकाणी चालतात. टेस्टिंगच्या काउंटरपाशी चालतात का, हे त्या वाइनरीवर, वारावर आणि वेळेवर ठरतं. एकदा एका ठिकाणी मी फोनवर विचारलं, "मुलं चालतील ना?" "हो, हो" म्हणाले. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पोहोचलो तर गेटवर सांगितलं की आज गाण्याचा कार्यक्रम आहे, अठराखालचं कोणी नको. तीन मुलं, दमलेले आईवडील, आणि परतीच्या रस्त्याला लागलेली गाड्यांची रांग. तेव्हापासून मी तारीख, वेळ आणि मुलांची वयं सांगून विचारते आणि उत्तर मेसेजवर मागवून घेते. तुम्हीही तसंच करा.

पण माझ्या अनुभवात कुटुंबाचा दिवस गेटवर बिघडतो तो क्वचितच. तो आत गेल्यावर बिघडतो. म्हणून तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेते. मोठी माणसं दीड-दोन तास चाखत बसतील तेव्हा मुलांनी काय करायचं, आणि त्या वेळात पूर्ण शुद्धीवर कोण राहणार? ही दोन उत्तरं घरून निघण्याआधी ठरलेली असतील तर मुलांना जरूर आणा. ठरलेली नसतील तर कितीही सुंदर वाइनरी असली तरी आणू नका.

हे मी माझ्याच मुलाकडून शिकले. तो सहा वर्षांचा असताना शाळेला सुटी होती आणि घरी कोणी नव्हतं, म्हणून त्याला कामावर घेऊन गेले. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, हातात फोन दिला आणि एकामागून एक चार टेस्टिंग घेतली. घरी जाताना त्याने विचारलं, "आई, ते लोक संपवत का नव्हते? मी मोजत होतो." तो प्रत्येक टेबलावरचे ग्लास मोजत होता. ग्लास संपले की आई मोकळी होईल एवढंच त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून टेस्टिंग रूममध्ये फोनवर बसवलेलं मूल दिसलं की माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे जातं. दारू असलेल्या जागी मूल असण्याला माझी हरकत नाही. मोठ्यांचं पिणं संपायची वाट पाहत त्याला बसवून ठेवणं मला मान्य नाही.

तुम्हाला ब्रुअरीची सवय आहे, म्हणून एक फरक सांगते. बिअर माल्टपासून, म्हणजे मोड आणून सुकवलेल्या धान्यापासून, आणि हॉप्स नावाच्या कडू फुलांपासून बनते. ती बारा महिने बनवता येते आणि ब्रुअरीतला कुठलाही दिवस साधारण सारखाच असतो. बसायचं, चाखायचं, खायचं आणि निघायचं. वाइन वर्षातून एकदाच बनते, द्राक्ष पिकतं तेव्हा. आणि वाइनरी म्हणजे शेत आणि कारखाना एकाच कुंपणात. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या वाइनरीने टेस्टिंग रूम उघडली. तोवर आमच्याकडे वाइनरी म्हणजे द्राक्षाचा ट्रॅक्टर खाली करायची जागा होती, फिरायला तिथे कोणी जात नसे. पाहुण्यांची सोय या जागांमध्ये नंतर आली. म्हणून काही ठिकाणी मुलांसाठी मोकळं हिरवळीचं मैदान आहे, तर काही ठिकाणी चालण्याच्या वाटेवरच फोर्कलिफ्ट फिरते.

पण मुलांना पाहण्यासारखं जे आहे तेही याच फरकामुळे आहे. तुम्ही फेब्रुवारी निवडलात हे फार बरं झालं. आमच्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. घड थंड असतानाच तोडायचे म्हणून मजूर पहाटेच बागेत उतरतात, आणि सकाळी नऊ-दहाच्या सुमारास क्रेट भरून माल वाइनरीत यायला लागतो. तो यंत्रात पडतो, देठ एकीकडे निघतात, मणी दुसरीकडे, आणि सगळीकडे गोड आंबूस वास सुटतो. चार वर्षांच्या मुलाला हे यंत्र अर्धा तास पुरतं. काही वाइनऱ्या या दिवसांत पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रमही ठेवतात. मुलांना तो फार आवडतो, फक्त बदलायचे कपडे आणा, आणि मधमाश्या किंवा गांधीलमाश्या घोंगावत असतील तर मुलाला टबात उतरवू नका.

हेच तुम्ही जुलैत विचारलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. पावसाळ्यात गंगापूरचा परिसर हिरवागार असतो, पण वेलीला घड नाही आणि टाक्या बंद. टूर म्हणजे स्टीलच्या टाक्यांसमोर उभं राहून ऐकलेलं भाषण, आणि त्यात मुलं दहाव्या मिनिटाला कंटाळतात. ऑक्टोबरमध्ये तर मी मुलांना बागेत नेतच नाही. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की काडीवरचे कोंब फुटावेत म्हणून तिला हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते लावतात. ते कातडीला आणि डोळ्यांना घातक आहे. शिवाय ज्याच्या अंगात ते गेलं आहे त्याने त्यानंतर मद्य घेतलं तर चेहरा लालबुंद होतो, धडधडतं, डोकं ठणकतं. म्हणजे त्या दिवसांत मोठ्यांनीही ताज्या पेस्टिंगच्या बागेतून फिरून थेट टेस्टिंगला बसू नये.

सुटी ठरवताना आणखी एक बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे. जोडून सुटी येते ती नेमकी याच दिवसांना, आणि दर वर्षी कोणीतरी दोनशे किलोमीटर गाडी हाकून येतं आणि काउंटर बंद पाहून परततं.

आता मुलांच्या वयाबद्दल. कडेवरचं बाळ सोपं असतं, त्याला सावली आणि झोप मिळाली की पुरे. सात ते बारा हे सगळ्यात चांगलं वय, कारण त्यांना प्रश्न पडतात आणि उत्तरं कळतात. अवघड वय आहे दोन ते सहा, म्हणजे तुमच्या धाकट्याचं. त्याला धावायचं असतं, हात लावायचा असतो, आणि टेस्टिंग रूममधली टेबलं नेमकी त्याच्या हाताच्या उंचीची असतात. त्याच्यासाठी एक मोठं माणूस राखून ठेवावंच लागेल.

त्या माणसाने कशावर लक्ष ठेवायचं ते सविस्तर सांगते, कारण इथले धोके शहरातल्या माणसाला दिसत नाहीत.

पहिलं शेततळं. नाशिकच्या बागायती पट्ट्यात ते जागोजागी आहे. आतून प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, उतार निसरडा असतो, आणि आत गेलेल्या मोठ्या माणसालाही धरायला काही सापडत नाही. कुंपण असलं तरी त्याला कुठेतरी भगदाड असतंच. वाइनरीच्या आवारात किंवा शेजारच्या रानात शेततळं आहे का, हे पोहोचल्या पोहोचल्या विचारा आणि त्या दिशेला मुलाला एकट्याने जाऊ देऊ नका. माझ्यासोबत आलेल्या कुटुंबांना मी गाडीतून उतरण्याआधी सांगते ती पहिली गोष्ट हीच.

दुसरं, टाक्यांची खोली. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि तो किती सुटतो याचा अंदाज कोणाला नसतो. एका लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. मोठ्यांचं नाक पाच फुटांवर, चार वर्षांच्या मुलाचं तीन फुटांवर, आणि खाली बसून नाली बघणाऱ्या मुलाचं तर एका फुटावर. पाहुण्यांच्या वाटेवर पंखे चालू असतात, हवा खेळती असते, तिथे घाबरण्यासारखं काही नाही. पण तोडणीच्या दिवसांत मुलाला टाक्यांच्या मागे, खड्ड्यांत, नालीपाशी जाऊ द्यायचं नाही. शक्यतो कडेवर घ्या. फरशी कायम ओली असते, म्हणून चप्पल नको, बूट घाला. पिंपांची खोली मुद्दाम गार ठेवलेली असते, बाहेर ऊन असलं तरी स्वेटर जवळ असू द्या. फेब्रुवारीत निफाड-दिंडोरीकडे सकाळची थंडीही पुण्यापेक्षा बोचरी असते.

तिसरं, वेलीवरचा घड. मुलं हात लावतातच. त्यांना सांगा, बघायचं, वास घ्यायचा, तोडून तोंडात टाकायचं नाही. बागेवर गंधकाच्या, बोर्डो मिश्रणाच्या आणि इतर औषधांच्या फवारण्या होतात, आणि कुठल्या औषधानंतर किती दिवस घड तोडायचा नाही हे फक्त बागवानाला माहीत असतं. त्याने स्वतः तोडून, धुऊन दिला तर खाऊ द्या. बागेत तारा आणि लोखंडी अँगल मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो. ओळींमधून पळापळी नको.

चौथं म्हणजे उष्टे ग्लास. रोझे या गुलाबी वाइनचा रंग हुबेहूब कोकम सरबताचा. एकदा शेजारच्या टेबलावरून माणसं उठून गेली आणि तळाशी दोन घोट उरले होते. एका पाच वर्षांच्या मुलाने तो ग्लास सरळ तोंडाला लावला. मी दोन पावलांवर होते तरी एक घोट आत गेलाच. लहान मुलांच्या अंगात थोडं मद्यही जास्त चढतं आणि रक्तातली साखर एकदम उतरू शकते. आम्ही त्याला लगेच खायला दिलं, त्याच्या डॉक्टरांना फोन केला, दोन तास जागं आणि नजरेसमोर ठेवलं. सुदैवाने काही झालं नाही. तुमचे ग्लास टेबलाच्या मध्यभागी ठेवा आणि शेजारचं टेबल रिकामं झालं की लगेच आवरायला सांगा.

यातच तो जुना प्रश्न येतो. एखादे काका हमखास म्हणतात, "एक थेंब चाटव की, काय होतंय!" माझ्या टेस्टिंगमध्ये असं झालं की मी त्या टेबलावरचं ओतणं थांबवायचे. कायदा तर आहेच, आणि परवाना वाइनरीचा जातो. पण मला जास्त खटकतं ते असं, की त्या थेंबाचं सगळेजण कौतुक करतात. हसतात, फोटो काढतात. मुलाला चव आवडत नाही, पण हसणं लक्षात राहतं.

आता हिशेब. हा नवऱ्यालाही वाचायला द्या. टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन मिळतात, प्रत्येकी सुमारे ३० मिलिलिटर. सहा धरल्या तर १८० मिलिलिटर. वाइनमध्ये १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल १८ ग्रॅमच्या आसपास. पासष्ट किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते साधारण १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं, पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात ६० पर्यंत. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे "नुसतं चाखलं, प्यालो कुठे" म्हणणारा माणूसही मर्यादेच्या बाहेर असू शकतो. पोटात काय आहे, किती वेळात घेतलं, यावर आकडा खाली-वर होतो. पण मागच्या सीटवर दोन मुलं असताना या आकड्याशी खेळू नये. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅमच अल्कोहोल पचवतं. कॉफीने, लिंबू पाण्याने किंवा चेहऱ्यावर पाणी मारून त्याचा वेग वाढत नाही.

म्हणून मी कुटुंबांना दोनच मार्ग देते. ड्रायव्हरसकट गाडी करा. किंवा पाळी लावा, आज तुम्ही चाखायचं आणि नवऱ्याने मुलांसोबत राहायचं, उद्या दुसऱ्या वाइनरीत उलट. पाळी लावलेली जोडपी जास्त खूश परततात असं मी पाहिलं आहे. चाखणाऱ्याला शांतपणे चाखता येतं, मुलांकडे अर्धं आणि ग्लासकडे अर्धं लक्ष अशी ओढाताण होत नाही. ड्रायव्हर केलात तरी धाकट्यासाठी एक माणूस कोरं, म्हणजे न चाखता, राहिलंच पाहिजे, कारण शेततळ्याकडे पळणाऱ्या मुलामागे ड्रायव्हर धावणार नाही. आणि टेस्टिंगच्या काउंटरवर थुंकायचं भांडं असतं, ते शोभेचं नाही. आम्ही कामावर असताना दिवसभर त्यातच थुंकायचो. वास आणि चव कळायला गिळावं लागत नाही.

आता मुलांनी करायचं काय. माझ्याकडे एक खेळ आहे, तो मी माझ्या मुलीसाठी तयार केला आणि आता प्रत्येक कुटुंबासोबत खेळते. वाइन चाखणं म्हणजे मुख्यतः वास ओळखणं. मुलांना तेच करायला द्या, पण ग्लासशिवाय. घरून आठ-दहा छोट्या डब्या आणा. एकीत काळी मिरी, एकीत लिंबाची साल, गवती चहा, वेलची, कोकम, लवंग, सिमला मिरचीचा तुकडा, पिकलेल्या पेरूची फोड. डोळे बांधून ओळखायचं. दुसऱ्या फेरीत दोन डब्या एकदम. मोठ्यांना शिराज या लाल वाइनमध्ये मिरी सापडते, सॉव्हिन्याँ ब्लाँक या पांढऱ्या वाइनमध्ये पेरू आणि हिरवी मिरची, आणि ती सापडायला त्यांना चार वेळा ग्लास हुंगावा लागतो. मुलं पहिल्याच झटक्यात ओळखतात. तुमची मुलगी बाबांना हरवेल, लिहून ठेवा. कोणी विचारतात की यातून मुलांना वाइनची गोडी नाही का लागणार? मला तसं वाटत नाही. डब्यांत स्वयंपाकघर आहे. माझी मुलगी आता सतरा वर्षांची आहे. त्या खेळातून तिला मसाल्यांची गोडी लागली, घरचा गोडा मसाला तीच भाजते.

मुलीसाठी आणखी एक. येताना बाजारातून थॉमसन किंवा सोनाका असं खायचं द्राक्ष घेऊन या आणि बागवानाला वाइनचा एक घड मागा. दोन्ही शेजारी ठेवून बघू दे. खायचा मणी लांब, पातळ सालीचा, बिनबियांचा. वाइनचा मणी बारीक, गोल, जाड सालीचा आणि आत बिया. धुतलेला असेल तर चाखू द्या, तिला धक्का बसेल, कारण वाइनचं द्राक्ष जास्त गोड असतं. मग ही साखर जाते कुठे, हा प्रश्न तिला आपसूक पडेल. यीस्ट ती खातं, त्यातून गॅस सुटतो आणि अल्कोहोल बनतं. इडलीचं पीठ फुगतं, जिलबीचं पीठ आंबतं, ते अशाच जिवांमुळे, एवढं सांगितलं तरी तिला पुरेल. घरी गेल्यावर बाटलीत कोमट पाणी, साखर, यीस्ट घालून तोंडाला फुगा लावा. फुगा फुगला की टाकीत काय चालतं ते तिला कायमचं कळेल.

थोडक्यात, सकाळची वेळ, आठवड्यातला मधला वार, एका दिवसात एकच वाइनरी, एक माणूस पूर्ण कोरं, आणि मुलांच्या हातात त्यांचं स्वतःचं काम. एकच वाइनरी यासाठी की नाशिकचे पट्टे एकमेकांपासून लांब आहेत. गंगापूर-गोवर्धनकडे सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा इगतपुरीच्या बाजूला, दिंडोरी उत्तरेला. इगतपुरी आणि दिंडोरी एका दिवसात जोडलंत तर मुलांचा सगळा दिवस गाडीत जाईल. गंगापूरच्या बाजूला गेलात तर सकाळी आधी मिसळ खा, त्या रस्त्याला झाडांखाली बसायच्या मिसळीच्या जागा आहेत. रिकाम्या पोटी चाखायला बसूही नये. वाइनरी पाहुण्यांसाठी उघडते तेव्हाच पोहोचा, टूर, मग एकाचं टेस्टिंग, मग बाहेर. दुपारी चारनंतर तरुण मंडळींची गर्दी वाढते, आवाज वाढतो, ती वेळ त्यांची आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला जा. निफाड तालुक्यातलं हे अभयारण्य महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आणि फेब्रुवारीत तिथे पाहुणे पक्षी असतात. तो दिवस पूर्ण मुलांचा ठेवा, म्हणजे वाइनरीचा दिवस त्यांना जड जाणार नाही.

सासूबाईंचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण माझ्या मनाच्या ते जवळचं आहे. माझे वडील माळकरी होते. त्यांनी दोन एकरांवर वाइनची द्राक्षं करारावर लावली, चौदा वर्षं माल दिला, आणि वाइन कधी हातातही धरली नाही. तोडणीच्या पहिल्या दिवशी पहिला घड पांडुरंगापुढे ठेवायचे, मग क्रेट भरायचे. माझी वाइनरीतली नोकरी त्यांना आवडली नव्हती. वर्षभर त्यांनी तो विषय काढला नाही. मग एके दिवशी स्वतःच आले, टाक्या पाहिल्या, कुठला माल कोणाचा ते विचारलं, काउंटरकडे न वळता बाहेरच्या बाकावर बसले आणि पाणी मागितलं. त्यांना काय चालतं आणि काय नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. मी त्यांना काही पटवायला गेले नाही.

तुम्हीही सासूबाईंना आधीच, स्पष्ट सांगा. "द्राक्षाची फॅक्टरी बघायला जातोय" असं म्हणून नेऊ नका. आत गेल्यावर कळलं तर त्यांना तिथून उठताही येणार नाही आणि बसवणारही नाही. सांगा, की आम्ही सकाळी तिथे जाणार आहोत, एकजण चाखणार आहे, तुम्हाला बाग बघायची असेल तर या, नको असेल तर तुमची वेगळी सोय करतो. आणि ती सोय खरोखर चांगली करा. निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला आहे, शहरापासून साधारण तीस किलोमीटर. वारकऱ्याला नाशिकला आणून तिथे नेलं नाही तर ते त्यांच्या मनात राहतं. फक्त पौष वद्य एकादशीच्या सुमारास तिथे निवृत्तीनाथांची यात्रा असते, दिंड्या चालत येतात, त्र्यंबक रस्ता भरून वाहतो. ती बहुधा जानेवारीत येते, कधी फेब्रुवारीतही. तुमची तारीख पंचांगात ताडून बघा. सासूबाईंना यात्राच हवी असेल तर त्याच दिवसाला धरून या, नको असेल तर आठवडाभर पुढे सरका. त्र्यंबकचा आणि वाइनरीचा दिवस एक करू नका. समाधीचं दर्शन घेऊन आलेल्या माणसाला तासाभरात टेस्टिंग रूमच्या दारात उभं करणं मला बरोबर वाटत नाही, आणि वाइन घेऊन देवळात जाणं तर तुम्हालाही आवडणार नाही.

मुलगी विचारेल, "आजी का नाही आली आत?" तिला खरं तेच सांगा, की आजीने माळ घातली आहे, ती हे घेत नाही, आणि आपण तिला घ्यायला सांगत नाही. मग ती विचारेल, "मग मला का नाही?" तेही खरंच सांगा. तुझं शरीर अजून वाढतंय, वाढत्या शरीराला हे सोसत नाही. मोठी झाल्यावर घ्यायचं की आजीसारखं नाही घ्यायचं, ते तू ठरव. माझ्या दोघांनाही मी हेच सांगितलं. मुलगा आता वीस वर्षांचा आहे आणि म्हणतो की तो घेणार नाही. मुलीचं अजून ठरलेलं नाही.

तारीख नक्की झाली की इथेच लिहा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा असेल तर बहुतेक पांढऱ्या वाइनची द्राक्षं उतरत असतील, शेवटचा असेल तर लाल, आणि मुलाला यंत्र बघायचं असेल तर त्या आठवड्यात कुठे माल येतोय ते विचारून सांगते.